शालेय म्युझिकलच्या पुरस्कारांचं परीक्षण: नियम, गुणपत्रक आणि गुणांची गोळाबेरीज

अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कूलमध्ये दर वर्षी एक म्युझिकल, म्हणजे गाणी आणि नृत्यांतून पुढे जाणारं नाटक, उभं राहतं, आणि त्यातल्या अनेक शाळा आपल्या भागातल्या पुरस्कारांसाठी नाव नोंदवतात. पिट्सबर्गचे जीन केली पुरस्कार १९९१ पासून दिले जातात. न्यू जर्सीत पेपर मिल प्लेहाउसचे रायझिंग स्टार आहेत, ह्यूस्टनमध्ये टॉमी ट्यून, शार्लटमध्ये ब्लूमी. अशा अनेक भागांतून दर वर्षी दोन विद्यार्थी जून महिन्यात न्यूयॉर्कला जातात आणि जिमी पुरस्कारासाठी ब्रॉडवेच्या खऱ्या रंगमंचावर उभे राहतात. हा राष्ट्रीय पुरस्कार २००९ मध्ये सुरू झाला. नाट्यगृहांचे मालक आणि निर्माते जेम्स एम. नीडरलँडर यांचं नाव त्याला दिलेलं आहे, आणि पहिल्या दोघांना प्रत्येकी २५,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळते. २०१८ मध्ये तिथे जिंकलेले रेने रॅप आणि अँड्र्यू बार्थ फेल्डमन २०१९ मध्ये ब्रॉडवेवर मोठ्या भूमिका करत होते. सतरा वर्षांच्या मुलांसाठी पणाला काय लागलेलं असतं ते यावरून कळावं.

म्हणून निकालानंतर वाद होतात, आणि ते व्हायला हवेतही. पण वाद निकालाच्या रात्री पेटला तरी त्याचं मूळ बहुधा सप्टेंबरमध्ये असतं, नियम लिहिले जातात तेव्हा. परीक्षक कितीही सज्जन असले तरी कच्च्या नियमांतून न्याय्य निकाल निघत नाही. प्रादेशिक पुरस्कार चालवणाऱ्या समितीने हंगामाआधी काय काय ठरवून कागदावर उतरवावं, ते इथे क्रमाने दिलं आहे. आपल्याकडच्या शालेय आणि महाविद्यालयीन नाट्यस्पर्धांच्या आयोजकांनाही यातलं बरंच जसंच्या तसं वापरता येईल.

शाळांचे गट कसे पाडायचे

पहिला आणि सगळ्यात कडवट वाद पैशाचा. एका शाळेचं नेपथ्य भाड्याने ट्रकमधून येतं, वाद्यवृंदात अर्धे व्यावसायिक वादक असतात, नृत्यरचनेसाठी बाहेरची व्यक्ती नेमलेली असते. दुसऱ्या शाळेत संगीताच्या बाई स्वतः पियानो वाजवतात आणि कपडे पालकांच्या घरून येतात. दोघांना एकाच रांगेत उभं करून ‘सर्वोत्कृष्ट निर्मिती’ निवडणं म्हणजे सब घोडे बारा टक्के.

जीन केली पुरस्कारांनी यावर जुना आणि चांगला मार्ग काढला आहे: शाळांची विभागणी निर्मितीच्या खर्चानुसार तीन स्तरांत होते. काही ठिकाणी त्याऐवजी विद्यार्थिसंख्या धरतात. आमच्या मते म्युझिकलसाठी ते माप चुकीचं आहे. चारशे विद्यार्थ्यांची कला-शाळा ऑडिशन घेऊन प्रवेश देते, तिथलं प्रत्येक मूल गाणारं किंवा नाचणारं असतं. अडीच हजारांच्या साध्या सरकारी शाळेत म्युझिकलला तीस मुलं मिळवताना शिक्षकांची दमछाक होते. संख्येवर गट पाडले तर कला-शाळा ‘लहान शाळा’ म्हणून गणली जाते आणि दर वर्षी गटात पहिली येते.

तेव्हा खर्चाचं पत्रक मागवा. त्यात हे रकाने वेगवेगळे हवेत: प्रयोगहक्क आणि संहितेचं भाडं; नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश आणि ध्वनी यांचं भाडं किंवा खरेदी; मानधनावर आलेली बाहेरची माणसं; मानधन न घेता आलेले व्यावसायिक; आणि देणगी म्हणून मिळालेल्या वस्तू. शेवटचे दोन रकाने विसरले तर सगळी आकडेमोड फुकट जाते. शाळेच्या हिशोबात ८,००० डॉलर दिसतात, पण पालकांच्या बूस्टर क्लबने, म्हणजे शाळेच्या उपक्रमांसाठी पैसे उभारणाऱ्या मंडळाने, परस्पर २०,००० खर्च केलेले असतात. म्हणून पत्रकावर मुख्याध्यापक आणि बूस्टर क्लबचे खजिनदार अशा दोघांच्या सह्या घ्या. फुकट आलेल्या व्यावसायिकाच्या कामाची त्या भागातल्या चालू दराने किंमत लावा.

गटाची सीमा आधी डॉलरमध्ये जाहीर करू नका. ‘१५,००० पर्यंत पहिला गट’ असं छापलं की १४,९०० ची पत्रकं भराभर येतात. आकडा जाहीर करू नका, पद्धत जाहीर करा: सगळ्या शाळा खर्चाच्या चढत्या क्रमाने लावायच्या आणि तीन भाग करायचे. ३० शाळा असतील तर साधारण दहा-दहा. मात्र दहाव्या आणि अकराव्या शाळेत दोनशे डॉलरचाच फरक असेल तर तिथे रेघ मारणं अन्यायाचं. आठव्यापासून बाराव्या क्रमांकापर्यंत जिथे सगळ्यात मोठी फट असेल तिथे सीमा पाडा. ऑडिशनने प्रवेश देणारी शाळा, खर्च कितीही असो, वरच्या गटात टाका.

हे गट निर्मिती, कोरस, वाद्यवृंद अशा सांघिक पुरस्कारांसाठी. वैयक्तिक अभिनयाचे पुरस्कार सगळ्या गटांना मिळून एकच ठेवावेत असं आमचं मत आहे, कारण न्यूयॉर्कला जाणाऱ्या जागा दोनच असतात आणि गटवार सहा विजेते काढून मग त्यांतून दोन निवडणं म्हणजे भांडण एक पायरी पुढे ढकलणं. यावर प्रामाणिक मतभेद आहेत. खासगी गायनशिक्षकाकडे दर आठवड्याला जाणाऱ्या मुलीला आणि नुसत्या शाळेच्या तालमीवर उभ्या राहिलेल्या मुलीला एकच पट्टी लावणं पूर्ण न्याय्य नाही, हे खरंच आहे. ते अंतर गुणपत्रकाने काही अंशी भरून काढता येतं, गटांनी नाही.

पैसा मंचावर दिसला तरी गुणांत उतरू नये

याचे दोन नमुने अभ्यासण्यासारखे आहेत. टेक्सासमध्ये युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीगच्या एकांकिका स्पर्धेत सगळ्या शाळांना ठरावीक आकारांचे तेच करडे ठोकळे, पायऱ्या आणि दारं-खिडक्या नेपथ्यासाठी मिळतात, आणि प्रयोग १८ ते ४० मिनिटांत बसवावा लागतो. पुण्यात १९६३ पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडकात भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर. तांत्रिक झगमगाटाला गुण नाहीत. दोन्हींचा हेतू एकच, तिजोरी मंचाबाहेर ठेवण्याचा.

म्युझिकलमध्ये तितकं कडक होता येत नाही, कारण तांत्रिक बाजू सांभाळणारी मुलंही विद्यार्थीच असतात आणि त्यांचं काम मोजायला हवं. मग नियम असा करा: भाड्याने आणलेलं किंवा प्रौढांनी बनवलेलं नेपथ्य, वेशभूषा आणि प्रकाशयोजना संकल्पनेच्या पुरस्काराला अपात्र. विद्यार्थ्यांनी केलेल्या कामाचे फोटो आणि एक पानाची टिपणी प्रयोगाच्या सात दिवस आधी द्यायची. बाकी शाळांचं तांत्रिक अंग फक्त वापरासाठी तपासायचं: दृश्यबदल किती वेळ खातो, उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडतो का, कपड्यांत नाचता येतं का.

निर्मितीसाठी १०० गुणांची आम्हाला पटलेली वाटणी: सामूहिक अभिनय आणि कथा पोचवणं २५, गायन आणि कोरस २५, दिग्दर्शन २०, नृत्य आणि हालचाल १५, तांत्रिक वापर १५. तांत्रिक भाग २५ वर नेला की भाड्याचं नेपथ्य निकाल ठरवायला लागतं. पाचावर आणला तर विंगेत काम करणाऱ्या मुलांना आपण कोण, असं वाटतं.

मुख्य भूमिका कोणती, सहायक कोणती

हा वाद दिसायला किरकोळ, पण नामांकनं इथेच पलटतात. ‘ले मिझराब्ल’ घ्या. त्याची खास शालेय आवृत्ती आहे आणि ती भरपूर होते. ब्रॉडवेच्या १९८७ च्या टोनी पुरस्कारांत जाँ वालजाँ आणि जावेर या दोन्ही भूमिकांना मुख्य अभिनेत्याच्या विभागात नामांकन होतं, तर एपोनीनच्या भूमिकेला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. आता एखाद्या शाळेने एपोनीनला मुख्य म्हणून पाठवलं आणि दुसरीने सहायक म्हणून, तर दोन मुली एकाच भूमिकेसाठी वेगवेगळ्या रांगांत उभ्या राहतात. त्यातली जी हलक्या रांगेत असेल तिचा फायदा.

वर्गीकरण शाळेच्या हातात देऊ नका. नोंदणीच्या वेळीच समितीने प्रत्येक म्युझिकलमधल्या भूमिकांची यादी करावी. कसोटी ठोस हवी: एकल गाणी किती, किती प्रवेशांत पात्र मंचावर आहे, कथेला वळण त्याच्या निर्णयाने मिळतं का. तीनांपैकी दोन कसोट्यांत बसलं तर मुख्य. सगळीच पात्रं जवळपास सारख्या वजनाची असलेल्या म्युझिकलमध्ये मुख्य भूमिका कुणीच नाही असं ठरवायलाही हरकत नाही. फक्त ते शाळेने संहिता निवडायच्या आधी कळलं पाहिजे. राष्ट्रीय फेरीसाठी मुलं पाठवणाऱ्यांनी आपली यादी तिथल्या पात्रतेच्या नियमांशी ताडून पाहावी, नाहीतर इथे जिंकलेलं मूल तिथे अपात्र ठरायचं.

दुहेरी पात्रयोजना (एकाच भूमिकेत आलटून-पालटून दोन विद्यार्थी) असेल तर कोणत्या रात्रीचा कोणता संच तपासायचा हे शाळेने प्रयोगाच्या एकवीस दिवस आधी लेखी द्यावं. मग बदल नाही; आजारपण हा एकच अपवाद. मुलगा-मुलगी असे दोन विभाग ठेवायचे की एकाच विभागात दोन विजेते काढायचे, हेही आधी ठरवा. दोन विभाग ठेवले तर कुठे उतरायचं हे विद्यार्थी स्वतः अर्जात लिहील, समिती ठरवणार नाही.

अभिनयाचं गुणपत्रक

मुख्य भूमिकेसाठी अभिनय ३५, गायन ३०, सहकलाकारांशी देवाणघेवाण २०, हालचाल आणि नृत्य १५. देवाणघेवाणीला वीस गुण मुद्दाम दिले आहेत. खासगी शिकवणीने आवाज सुधारतो, उंच सूर लागतो. पण समोरच्याचं ऐकणं, कोरसच्या मुलाला त्याची जागा देणं, समोरच्याची ओळ चुकली तर प्रवेश सावरून घेणं, हे तालमीतच येतं. पैशाचं अंतर थोडं का होईना, इथे भरून निघतं.

नुसते आकडे देऊन चालत नाही. प्रत्येक पट्ट्याला वर्णन हवं. गायनाच्या तीस गुणांसाठी साधारण असं:

२५ ते ३० : सूर आणि श्वास शेवटच्या गाण्यापर्यंत टिकतो, शब्द मागच्या रांगेपर्यंत कळतात, आणि गाताना पात्र सुटत नाही.
१९ ते २४ : सूर बहुतेक ठिकाणी पक्का, लांब ओळींत श्वास तुटतो, गाणं सुरू झालं की पात्र अधूनमधून हरवतं.
१३ ते १८ : वरच्या किंवा खालच्या टोकाला सूर सुटतो, शब्द गिळले जातात.
१२ आणि खाली : गाण्याची चाल राखणंच अवघड जातंय.

अशी वर्णनं नसली की परीक्षक मनातल्या मनात ब्रॉडवेच्या ध्वनिमुद्रणाशी तुलना करतात. गुणपत्रकाच्या माथ्यावर ठळक लिहा: मूळ कलाकाराशी तुलना नको. आणखी एक गोष्ट परीक्षकांना सांगायला हवी. संहिता, गाणी किंवा स्वरपट्टी हक्कधारक कंपनीच्या परवानगीशिवाय शाळेला बदलता येत नाही. मुलीला गाणं दोन सूर खाली हवं असतं, पण शाळेला मूळ पट्टीतच वाजवावं लागतं. ‘पट्टी चुकीची निवडली’ असा शेरा मारून गुण कापणारा परीक्षक शाळेला करार पाळल्याची शिक्षा देत असतो. उलट, परवानगीविना गाणं वगळलेलं आढळलं तर तो परीक्षकाचा विषय नाही, समितीचा आहे; त्यावर पात्रतेचा निर्णय होईल, गुणांचा नाही.

माइक हे कायमचं दुखणं. शालेय प्रयोगात माइक बंद पडतोच. नियम एका ओळीचा: माइक गेला तर गायकाचे गुण जात नाहीत, परीक्षक वेळ लिहून ठेवतो आणि परिणाम फक्त ध्वनीच्या रकान्यात दिसतो. परीक्षकांना पहिल्या रांगेत बसवू नका. तिथे कलाकाराचा मूळ आवाज आणि वाद्यवृंद थेट ऐकू येतो, स्पीकरचं संतुलन कळत नाही. सहाव्या ते दहाव्या रांगेतली मधली खुर्ची योग्य.

परीक्षक कोण आणि किती

एका प्रयोगाला एक परीक्षक पाठवून पुरस्कार देऊ नयेत. पैसे वाचवण्यासाठी हे केलं जातं आणि नंतरच्या सगळ्या आरोपांना तिथून वाट मिळते. किमान तीन. ३० शाळा असतील तर ९० फेऱ्या होतात. पंधरा परीक्षक असले तर प्रत्येकाला सहा प्रयोग. एका हंगामात सहापेक्षा जास्त प्रयोग मन लावून पाहणं नोकरी सांभाळणाऱ्या माणसाला जड जातं.

तिघांनी एकाच रात्री जावं की वेगवेगळ्या? एकाच रात्री गेले तर त्या रात्रीचा घसा बसलेला नायक तिघांनाही दिसतो. वेगवेगळ्या रात्री गेले तर तिघं तीन निराळे प्रयोग मोजतात आणि त्यांच्या गुणांतला फरक परीक्षकामुळे आहे की प्रयोगामुळे, ते कळत नाही. दोघं एका रात्री आणि तिसरा दुसऱ्या रात्री ही विभागणी दोन्ही बाजू सांभाळते. दुहेरी पात्रयोजना असेल तर मात्र तिघांनी जाहीर केलेल्या संचाच्याच प्रयोगांना जायचं.

तिघांत एक गायनाचा, एक अभिनय-दिग्दर्शनाचा आणि एक नृत्याचा किंवा तांत्रिक बाजूचा जाणकार असावा. तिघेही गायनशिक्षक असले की गाणाऱ्या शाळाच जिंकतात.

हितसंबंधांचं पत्रक प्रत्येकाकडून भरून घ्या: कोणत्या शाळेत शिकवलं, गेल्या पाच वर्षांत कुणाला खासगी शिकवणी दिली, नात्यातलं कोण शिकतंय, स्वतः कोणत्या शाळेचे माजी विद्यार्थी. इथे एक चूक जवळपास सगळीकडे होते. परीक्षकाला फक्त आपल्या विद्यार्थ्याच्या गुणांपासून दूर ठेवतात. पण आपल्या विद्यार्थ्याला वर चढवायचं असेल तर प्रतिस्पर्ध्याला खाली ओढूनही ते साधतं, आणि बहुतेकदा ते जाणीवपूर्वक होतही नाही. म्हणून त्या परीक्षकाने तो संपूर्ण विभागच सोडायचा. एका गायनशिक्षिकेकडे भागातली निम्मी नामांकित मुलं शिकत असतील तर त्यांनी अभिनयाचे गुण देऊ नयेत; कोरस किंवा वाद्यवृंदासाठी त्यांचा कान जरूर वापरा, आपले विद्यार्थी नसलेल्या शाळांपुरता.

विद्यार्थीच परीक्षक, असाही एक मार्ग आहे. १९९९ मध्ये वॉशिंग्टनच्या परिसरात सुरू झालेल्या कॅपीज कार्यक्रमात दुसऱ्या शाळांचे विद्यार्थी समीक्षक म्हणून प्रयोग पाहतात, परीक्षण लिहितात आणि हंगामाअखेर मतदान करतात. डोळे जास्त मिळतात आणि लिहिण्याचं शिक्षण होतं, ही मोठी जमेची बाजू. धोका मैत्रीचा आणि ‘तुम्ही आम्हाला, आम्ही तुम्हाला’ या देवघेवीचा. तो आवरायला मत देण्याआधी पुरेसे प्रयोग पाहिल्याची अट आणि मोठ्यांची देखरेख लागते.

हंगामाआधी सगळ्या परीक्षकांना एकत्र बसवून एकाच प्रयोगाला गुण द्यायला लावा. वीस मिनिटं पुरतात. मग आकडे फळ्यावर लिहा आणि पंधरापेक्षा जास्त फरक असेल तिथे दोघांनीही गुणपत्रकातल्या वर्णनाचा आधार दाखवायचा. यासाठी जुन्या शालेय प्रयोगाचं चित्रीकरण सहज उचलू नका: म्युझिकलच्या चित्रीकरणाचा परवाना प्रयोगाच्या परवान्यापेक्षा वेगळा असतो आणि प्रत्येक म्युझिकलसाठी मिळतोच असं नाही. याच कारणाने ‘दूरच्या शाळांनी व्हिडिओ पाठवावा’ ही सोयीची वाटणारी कल्पना अडचणीत आणते. परवाना आहे असं चित्रीकरण शोधा, किंवा एखाद्या शाळेच्या तालमीला सगळे मिळून जा.

गुणांची गोळाबेरीज

खरी चूक इथे होते आणि ती कुणाला दिसत नाही. गुणांची नुसती सरासरी काढली की निकाल परीक्षकाच्या स्वभावावर ठरतो.

परीक्षक ‘अ’ हात राखून गुण देतो. त्याने पाहिलेल्या सहा प्रयोगांची त्याची सरासरी ६८. परीक्षक ‘ब’ सढळ हाताचा. त्याची सरासरी ८४. ‘अ’ने एका मुलीला ७७ दिले, ‘ब’ने दुसरीला ८६. कागदावर दुसरी नऊ गुणांनी पुढे. पण पहिली आपल्या परीक्षकाच्या सरासरीपेक्षा ९ वर आहे आणि दुसरी फक्त २ वर. प्रत्येक गुणातून त्या परीक्षकाची त्याच विभागातली सरासरी वजा करा आणि मग तिघांच्या फरकांची सरासरी घ्या. साध्या स्प्रेडशीटमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

संख्याशास्त्र येणारे यापुढे जाऊन फरकाला प्रमाण विचलनानेही भागतात, म्हणजे गुण पसरून देणाऱ्याचं आणि दाटीने देणाऱ्याचं वजन सारखं होतं. आठ-दहा प्रयोग पाहिलेल्या परीक्षकाच्या बाबतीत ते ठीक. पाच-सहा प्रयोगांवर विचलन इतकं डगमगतं की सुधारणेपेक्षा बिघाड जास्त होतो, तिथे वजाबाकीवर थांबा.

वजाबाकीलाही एक अट आहे. एखाद्या परीक्षकाच्या वाट्याला सहाही तगड्या शाळा आल्या तर त्याची सरासरी उंच असणारच, आणि ती वजा केल्याने त्या शाळांवर अन्याय होतो. म्हणून वाटप करतानाच प्रत्येकाला तिन्ही गटांतल्या दोन-दोन शाळा द्या आणि परीक्षकांच्या त्रयी सतत बदला. तेच तिघं सगळीकडे एकत्र गेले तर त्यांची इतरांशी तुलना करायला धागाच उरत नाही.

एकाच प्रयोगाचे गुण ८८, ८५ आणि ६१ असे आले तर? सरासरी ७८ होते आणि ती तिघांपैकी कुणाचंच मत नसते. मधला आकडा ८५. पंधरापेक्षा जास्त फरक दिसला की समन्वयकाने वेगळ्या पडलेल्या परीक्षकाला लेखी कारण विचारावं, आकडा बदलायला कधीही सांगू नये. कारण गुणपत्रकातल्या वर्णनात बसत असेल तर गुण तसेच राहतील. ‘हा विषय शाळेला शोभत नाही’ असं काही असेल तर तो आकडा बाजूला ठेवून उरलेल्या दोघांची सरासरी धरायची. हे सगळं बेरजेच्या आधी, शाळेचं नाव झाकून करायचं.

गुण प्रयोगानंतर चोवीस तासांत नोंदवून कुलूपबंद करा. नोव्हेंबरमधल्या प्रयोगांना परीक्षक हात राखून गुण देतात, पुढे काहीतरी मोठं पाहायला मिळेल म्हणून. एप्रिलमध्ये ते राखलेले गुण वाटले जातात. वर्णनाच्या पट्ट्या आणि चोवीस तासांची मुदत मिळून हा कल बराच कमी होतो. पूर्ण जात नाही. हंगामाच्या अखेरीस महिनावार सरासरी काढून पाहावी आणि पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणात ती दाखवावी.

नामांकनाची रेघ ओढताना अपूर्णांकांवर जीव टांगू नका. पाचव्या आणि सहाव्या विद्यार्थ्यात ०.३ चा फरक म्हणजे फरक नाहीच. शेवटच्या नामांकितापासून एका गुणाच्या आत असलेले सगळे आत घ्या. पाचाऐवजी सात नामांकनं झाली तर समारंभ पाच मिनिटांनी लांबेल, एवढंच.

शेवटची फेरी

अनेक भागांत मुख्य भूमिकेच्या नामांकितांना एका दिवशी एकत्र बोलावून नव्या मंडळासमोर गायला लावतात. न्यूयॉर्कला कोण जाणार हे तिथे ठरतं. मंडळ बाहेरच्या भागातलं असावं आणि पाच जणांचं असावं. इथे सगळे परीक्षक सगळ्यांना पाहतात, तेव्हा गुणांऐवजी क्रम वापरा. चार जणांनी ‘क’ला ९० आणि ‘ख’ला ८८ दिले, पाचव्याने ‘क’ला ७० आणि ‘ख’ला ८५, तर बेरीज ४३० आणि ४३७. पाचांपैकी चौघांना ‘क’ सरस वाटला, तरी ‘ख’ जिंकतो. क्रमांची नुसती बेरीजही पुरत नाही, कारण पाचवा माणूस ‘क’ला आठव्या क्रमांकावर टाकून तेच साधू शकतो. प्रत्येक स्पर्धकाचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा क्रम काढून टाका आणि मधल्या तिघांची बेरीज करा. ‘क’चे १, १, १ म्हणजे ३, ‘ख’चे २, २, २ म्हणजे ६. कमी बेरीज पुढे.

शाळेतल्या प्रयोगाचं वजन या दिवशी किती, हे आधी लिहा. निम्मं-निम्मं ठेवलं तर दोन महिने पेललेली भूमिका वाया जात नाही. सगळं वजन या दिवसावर टाकलं की तो पुरस्कार भूमिकेचा न राहता ऑडिशनचा होतो, आणि ऑडिशन शिकवणारा शिक्षक परवडणाऱ्या घरातली मुलं पुढे जातात.

बरोबरी झाली तर काय, आणि दर्जा नसेल तर पुरस्कार राखून ठेवता येईल का, ही दोन कलमं बहुतेक नियमावल्यांत नसतात. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी दर्जाच्या कारणावरून करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा महाराष्ट्रात त्यावर भरपूर चर्चा झाली. दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं होतं. शालेय पातळीवर आम्ही राखून ठेवण्याच्या विरुद्ध आहोत, पण परवानगी द्यायची असेल तर तसं नियमात छापा आणि किती परीक्षकांची सहमती लागेल ते लिहा. बरोबरीत दोघांना विजेते घोषित करा. न्यूयॉर्कची जागा एकच असेल तर देवाणघेवाणीच्या रकान्यातले गुण पाहा.

तक्रारी, पालक आणि हंगामानंतरची तपासणी

परीक्षकांचे शेरे निकालानंतर दोन आठवड्यांत शाळेला मिळाले पाहिजेत, स्वतःच्या गुणांसह. इतर शाळांचे गुण नाहीत. तक्रारीला सात दिवसांची मुदत आणि विषय फक्त प्रक्रियेचा: हितसंबंध लपवला, चुकीचा संच तपासला, बेरीज चुकली, भूमिकेचं वर्गीकरण मोडलं. ‘आमची मुलगी जास्त चांगली गायली’ ही तक्रार घेता येत नाही, आणि हे नोंदणीच्या अर्जावर लिहिलेलं असलं की पुढचा मनस्ताप टळतो. तक्रार ऐकणाऱ्या तिघांत परीक्षक नकोत आणि नामांकित शाळांचं कुणी नको.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि मुलं म्युझिकलमध्ये रमलेली असणाऱ्या मराठी पालकांनी हे प्रश्न निकालानंतर विचारण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये विचारावेत: आपल्या शाळेचा गट कसा ठरला, प्रयोगाला किती परीक्षक येणार, गुणांतला परीक्षकाचा कल कसा काढणार, शेवटच्या फेरीचं वजन किती. प्रश्न नाट्यशिक्षकांमार्फत जाऊ द्या. पालकाने थेट परीक्षकाला गाठलं तर हेतू कितीही सरळ असो, मुलाचं नाव विनाकारण चर्चेत येतं.

मे महिन्यात, नावं झाकलेला गुणांचा तक्ता उघडून समितीने चार गोष्टी तपासाव्यात. प्रत्येक परीक्षकाची सरासरी आणि तो इतर दोघांपासून किती वेळा पंधराहून जास्त दूर गेला. वैयक्तिक नामांकनांत तिन्ही खर्च-गटांचा वाटा किती. महिनावार सरासरी. आणि गेल्या वर्षीच्या विजेत्या शाळांना शेऱ्यांच्या मानाने गुण जास्त मिळाले का. खालच्या गटातून सलग दोन वर्षं एकही वैयक्तिक नामांकन आलं नसेल तर गुणपत्रकाची वाटणी पुन्हा काढायची वेळ आली आहे. मूळ गुणपत्रकं निदान तीन हंगाम जपून ठेवा, त्याशिवाय ही तुलना करता येत नाही.